पाणी मागायचं, जागा मागायची नाही

मंदाताई,

तू घोड्यावरून पडून गेली नाहीस, याची निम्म्या चंदीगडला चुटपुट लागलेली दिसते. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो, "घोड्यावर होत्या का?" मी सांगतो, नाही हो, ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आल्या, कपडे बदलायला बाकावर बसल्या आणि तिथेच मान टाकली. हे ऐकून लोक थोडे हिरमुसतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पडलो असतो तर लेका घोड्याला बोल लावला असता ह्यांनी. बसल्या बसल्या गेलो ते बरं झालं."

हे तुझं 'पडलो', 'गेलो', 'येतो' आता कानावर पडणार नाही. कोल्हापूरकडच्या बायका असंच बोलतात, हे इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या पुणेकर बायकांना कितीदा सांगितलं तरी त्या तोंडाला पदर लावून हसायच्याच. तू त्यांच्यासमोर मुद्दाम जास्त बोलायचीस.

मंडळाला अंकासाठी तुझ्यावर दोन पानं हवी आहेत. "घोडे, डोंगर, धाडस असं सगळं येऊ द्या," सेक्रेटरी म्हणाले. ती दोन पानं मी देईन, त्यात सगळं येईल. हे लिहितोय ते फक्त तुला. तीन वर्षं एक गोष्ट तुझ्यापासून लपवून ठेवली होती. ज्याच्या शेतात आपण मुक्काम करायचो तो करतारसिंग परवा तुझ्या क्वार्टरवर येऊन गेला, आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. आज, तुला जाऊन तेरावा दिवस, सकाळी उठलो आणि त्याच्या गावाला गेलो. तिथे काय झालं ते तुला सांगायचं आहे, पण सुरुवातीपासून सांगू दे. तू मध्ये बोलायची सोय राहिलेली नाही, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा माझं वाक्य पुरं होईल.

आधी त्या 'धाडस' शब्दाचं बघू. तुझ्याइतकी घाबरट बाई मी पाहिलेली नाही. मी नागपूरहून बदली होऊन आलो, सेक्टर बावीसमध्ये मिठाईच्या दुकानावरची खोली घेतली, आणि पहिल्याच गणपतीत तू मला गाठलंस. नकाशे काढणाऱ्या सरकारी ऑफिसात मी ड्राफ्ट्समन आहे, हे कुणीतरी तुझ्या कानावर घातलं होतं.

"घोडं येतं?"

"नाही."

"नकाशा येतो?"

"तेवढंच येतं."

"मग घोडं मी शिकवतो. रविवारी सकाळी सहाला कांसलच्या पागेत ये. आणि घोंगडं, शाल काही पांघरून येऊ नकोस, थंडी वाजली तरी."

शाल का नको ते मला त्या रविवारी कळलं. कॅपिटल कॉम्प्लेक्सच्या, म्हणजे सचिवालयाच्या, मागच्या रस्त्याला वाळूची पोती रचलेली, त्यामागे बंदूक, बंदुकीमागे एक गारठलेला जवान. आपण दोघं घोड्यांवर. तू लगाम एका हातात धरलास, दुसरा हात मांडीवर उघडा ठेवलास आणि मलाही तसंच करायला लावलंस. जवानाला लांबूनच "राम राम जी" केलंस. पुढे गेल्यावर मी पाहिलं, तुझ्या कपाळावर त्या थंडीत घाम होता. "भ्यालीस?" मी विचारलं. "भ्यालो तर," तू म्हणालीस, "न भ्यायला मी काय खुळा आहे काय?"

दोन घोडे होते तुझे. चिमणी ही घोडी, आणि लिलावात घेतलेला म्हातारा सरपंच. त्याचं नाव सरपंच, कारण गावात शिरला की दर दाराशी थांबायचा. मला तू सरपंचावर बसवलंस आणि म्हणालीस, तू काही करू नकोस, त्याला सगळं येतं. खरंच येत होतं. पंजाबीही त्याला माझ्यापेक्षा बरं कळायचं.

तुला डोंगराच्या पायथ्याने हिंडायचं होतं. कांसलवरून मुल्लानपूरकडे आणि त्याच्याही पुढे, जिथे पावसाळी ओढ्यांची कोरडी पात्रं डोंगरातून उतरतात आणि लोक त्यांना चो म्हणतात. एका दिवसात जाऊन येण्यात तुला गंमत वाटत नसे. "घोड्यासंगट एक रात काढल्याशिवाय घोडं आपलं होत नाही," हे तुझं म्हणणं. पण पंजाबातले ते दिवस कसले होते, एकीकडे अतिरेकी, एकीकडे पोलीस! संध्याकाळी सहानंतर बसेस बंद. वर्तमानपत्र उघडायचं ते आधी मेलेल्यांचा आकडा बघायला. मोटरसायकलचा आवाज आला की बाजारातली माणसं नुसती मान वळवून थांबायची. अशा दिवसांत उघड्यावर मुक्काम करायला जागा शोधणारी तू एकटीच असशील. आणि ती शोधताना तू इतकी बारकाई करायचीस, की माझ्या ऑफिसातल्या साहेबांनी तुझ्याकडून शिकावं.

आधीच्या रविवारी आपण स्कूटरवर जाऊन वाट बघून यायचो. चोच्या पात्रात वाळू कितीही छान असली तरी तिथे मुक्काम नाही, वर डोंगरात पाऊस झाला तर खाली कळत नाही. झाड हवं, पण एकटं नको. जवळपास ऊस उभा असेल तर थांबायचंच नाही, कारण उसात कोण बसलंय ते दिसत नाही. कोल्हापूरची बाई आणि उसाला घाबरते, म्हणून मी तुला किती चिडवलं! तू म्हणायचीस, "आमच्या उसात डुक्कर असतंय. डुकराला बंदूक नसते." गावात पोचायचं ते उन्हं असताना, चारच्या आत, भर रस्त्याने, सगळ्या गावाला दिसेल असं.

आणि सगळ्यात वरचा नियम: पाणी मागायचं, जागा मागायची नाही. विहिरीशी जायचं, घोडे लांब उभे करायचे, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारायचं, घोड्यांना पाणी पाजू का. पाणी देतात, घोड्याला कोण नाही म्हणतो. मग खोगीर सैल करत, तोबरा बांधत वेळ काढायचा. त्यांनी आपणहून विचारलं की आता कुठे जाणार, तर राहायचं. नाही विचारलं तर हात जोडून परत फिरायचं, मग घोडे कितीही दमलेले असोत. दोनदा आपण तसे परत आलो, अंधार पडायच्या आत पोचायला घोडे दुडकीवर घेऊन. दुसऱ्या वेळी मी तक्रार केली, माझी पाठ मोडली होती. तू चिमणीवरूनच माझ्यावर ओरडलीस. "ह्या गावांत रात्री बंदुका घेऊन दाराशी येऊन रोटी मागणारे, जागा मागणारे कमी झालेत काय? त्यांना नाही म्हणता येत नाही ह्यांना. सकाळी दुसरे, वर्दीतले, येतात, तुम्ही दिलं कसं म्हणून विचारायला. आपण आणखी तिसरे कशाला व्हायचं?"

करतारसिंगने विचारलं होतं. मुल्लानपूरच्या पुढे चो ओलांडल्यावर तीन घरं होती, तिसरं त्याचं. पन्नाशीचा, बोलायला सावकाश. "घोड़ियां नूं पिला लो जी, पाणी दा की है," म्हणाला आणि स्वतः बादली ओढली. तू खोगिराचा पट्टा सैल करत राहिलीस. तो सरपंचाचे दात बघून हसला. मग सूर्याकडे बघितलं, आपल्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हुण कित्थे जाओगे? शाम पै गई." तुझा चेहरा असा फुलला, की मी तो अजून विसरलेलो नाही. रात्री त्याच्या बायकोने मोहरीची भाजी आणि मक्याची रोटी पाठवली, आणि सकाळी तिने तुझा हात धरून पुन्हा यायचं कबूल करून घेतलं.

आपण त्या हिवाळ्यात चार मुक्काम केले तिथे.

आता नकाशांच्या वहीचं. घोडा मला येत नव्हता, नकाशा येत होता, आणि तू मला त्यासाठीच घेतलं होतंस. वाटा काढायच्या, चो कुठे ओलांडता येतो ते दाखवायचं, पाणी कुठे ते दाखवायचं. एवढंच हवं होतं तुला. पण आमच्या ऑफिसात एक शिस्त आहे. विहीर दाखवली की ती कुणाची ते लिहायचं, नाहीतर साहेब कागद परत पाठवतात. वीस वर्षांची सवय. मी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं, करतारसिंग. खाली लिहिलं, मुक्काम, चारा, जेवण, चार माणसांची सोय.

तू ते पाहिलंस तेव्हा मला वाटलं तू वही चोमध्ये फेकतेस. "खोड ते. नावं खोड सगळी."

"अगं, नकाशा अपुरा राहतो. उद्या कुणाला यायचं झालं..."

"कुणाला यायचं नाही उद्या. तुला यायचंय आणि मला. आपल्याला त्याचं नाव पाठ आहे."

आपलं भांडण झालं. मी म्हटलं, तू डॉक्टर आहेस, पेशंटचं नाव लिहिल्याशिवाय भूल देतेस का? तू म्हणालीस, पेशंट माझ्याकडे येतो, इथे आपण त्याच्याकडे गेलोय. मी फुगून बसलो.

त्याच मुक्कामाला, चारच्या सुमारास, विहिरीवर तिघे आले. तिघांनी घोंगडी पांघरलेली, हात आत. करतारसिंग जिथे होता तिथेच उभा राहिला. त्याची बायको चुलीपाशी होती, तिने मान वर केली नाही. तिघे पाणी प्यायले. एकाने येऊन सरपंचाच्या मानेवरून हात फिरवला, दुसरा हात आतच. "विकणा है?" त्याने विचारलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू पुढे झालीस, सरपंचाचा ओठ वर केलास आणि त्याला दात दाखवलेस. "बुड्ढा है जी, देख लो. पहाड़ नहीं चढ़ेगा." तुझा आवाज अगदी बाजारातल्यासारखा होता. सरपंच कधी नव्हे तो गप उभा राहिला. त्या माणसाने दात बघितले, हसला, आणि ते तिघे चोच्या दिशेने गेले. करतारसिंग म्हणाला, "चा पियो जी." कोण होते ते आपण विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

"आता कळलं, नाव का लिहायचं नाही ते?" तू मला विचारलंस. मला कळलं होतं. मी तुझ्यासमोर खोडरबर काढलं. सगळ्या पानांवरची नावं खोडली. करतारसिंगच्या घराचं एक पान मात्र मी आधीच वहीत मागे शाईने पक्कं करून ठेवलं होतं, नावासकट. इतकं सुबक झालं होतं ते पान, ताई, उंचसखल दाखवणाऱ्या रेषा, चोचं वळण, तिन्ही घरं, विहीर. खोडायला गेलो असतो तर कागद फाटला असता. मी तुला म्हटलं, खोडलं सगळं.

त्यानंतर आपण तिथे मुक्काम बंद केला. दुपारी जायचं, पाणी पाजायचं, बाईशी चार शब्द बोलायचे, उन्हातच परतायचं. असेच एका फेब्रुवारीतल्या रविवारी निघालो होतो आणि मुल्लानपूरच्या अलीकडे पोलिसांचा नवा नाका लागला होता. तंबू, आडवा बांबू, पाचसहा माणसं. आपल्याला उतरवलं. खोगिराच्या पिशव्या रिकाम्या केल्या आणि वही निघाली. एकाने ती उघडली, आत तंबूत नेली आणि हाक मारली. तू जाणार होतीस. पण सरपंच परक्याच्या हातात उभा राहत नाही. तू दोन्ही लगाम धरून बाहेर थांबलीस आणि मी आत गेलो. जाताना तू मला मराठीत म्हणालीस, "पाणी पाजायला थांबतो, एवढंच सांग. बाकी काही सांगू नको."

आत काय झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही. आता ऐक.

मला कुणी हात लावला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. अधिकारी तरुण होता, हाताने विणलेला स्वेटर घातलेला. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला. वही मांडीवर घेऊन तो ते पान बघत बसला होता. मग म्हणाला, "ये आपने बनाया है?" मी हो म्हटलं. "वाह. हमारे पास भी ऐसा नक्शा नहीं है."

ताई, वीस वर्षं नोकरी केली मी. एका साहेबाने कधी माझ्या कागदाला वाह म्हटलं नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली. त्याने विचारलं, ही खूण कसली, मी म्हटलं विहीर. ही तुटक रेघ? पायवाट, जीप जाणार नाही, घोडा जाईल. ह्या वाकड्या रेषा? मी त्याला चढ कसा ओळखायचा ते समजावून सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं. मग म्हणाला, नाव तर लिहिलंय, पण घरं तीन दिसतात, ह्यातलं करतारसिंगचं कोणतं?

मी खिशातली पेन्सिल काढली आणि तिसऱ्या घराभोवती एक बारीक वर्तुळ काढलं.

वर्तुळ पुरं झाल्यावर मला कळलं मी काय केलं. तो म्हणाला, "थैंक यू जी," आणि वही मिटून स्वतःकडे ठेवली.

बाहेर आलो तेव्हा तू विचारलंस, वही कुठाय. ठेवून घेतली म्हटलं. नाव होतं त्यात? मी हो म्हणून मान हलवली. तू मला शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. तू पुढे जायला निघालीस, त्यांनी बांबू उचलला नाही, आज पुढे जाता येणार नाही म्हणाले. मग आपण शहराकडे घोडे पळवले. सरपंच त्या वयात असा पळाला, की पागेत पोचल्यावर त्याच्या तोंडाला फेस होता. घोडे बांधून, बस पकडून, नाका चुकवून पुढचं अंतर पायी तुडवून आपण पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. दार उघडं होतं. करतारसिंगची बायको उंबऱ्यात बसली होती. "लै गए," एवढंच म्हणाली ती.

अकरा दिवस त्याचा पत्ता नव्हता. त्या काळात असं नेलेलं माणूस कधी परत येई, कधी येत नसे, आणि विचारायला जाणाऱ्याचंही नाव लिहून घेत. तू विचारायला गेलीस. ड्यूटीच्या आधी आणि ड्यूटीनंतर, ह्या ऑफिसातून त्या ऑफिसात. हॉस्पिटलच्या कागदावर स्वतःच्या सहीने लिहून दिलंस, की ह्या माणसाने माझ्या घोड्यांना पाणी दिलं, आणि वाटा काढायला मी सांगितल्या. तुझ्या विभागप्रमुखांनी तुला बोलावून समज दिली, ती तू एका कानाने ऐकलीस. तू भूल दिलेल्या एका बाईचा नवरा मोठा अधिकारी निघाला, त्याच्या बंगल्यावर तू तीन दिवस फाटकाशी उभी राहिलीस. मी दोनदा तुझ्यासोबत आलो. बाकीचे दिवस मला ताप होता. ताप खरा होता, ताई. पण एवढाही नव्हता.

चौथ्या दिवशी, हॉस्पिटलच्या जिन्यात, तू मला विचारलंस. "तू आत काही बोललास काय?"

"नाही," मी म्हटलं. "वहीतच होतं सगळं."

तू माझ्याकडे बघितलंस. एखाद्या पेशंटची नाडी बघताना बघतात तितकाच वेळ. "बरं," म्हणालीस आणि जिना उतरून गेलीस. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस.

बाराव्या दिवशी करतारसिंग चालत घरी आला. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. कळलं तेव्हा तू म्हणालीस, चल, जाऊन येऊ, त्याच्यासमोर बसायला हवं. आणि मी शहाणपणा शिकवला. आपण गेलो तर पुन्हा लोकांच्या नजरेत येईल, त्याच्याच भल्यासाठी जायला नको. आठवडाभर आपण त्यावर वाद घातला. तू म्हणायचीस जायचं, मी म्हणायचो त्याच्या भल्यासाठी. शेवटी तू बोलायची थांबलीस, आणि मला वाटलं मी जिंकलो. पुढे आपण घोडे काढले ते दुसऱ्या अंगाला, मोरनीच्या डोंगरांकडे. तीन वर्षं हिंडलो. तू मला चिमणीवर बसू दिलंस, खुरातला खडा काढायला शिकवलंस, दर दिवाळीला तुझ्या डब्यातला तांबडा रस्सा पाजलास. मी तुझं सगळं घेतलं. एकदा मोरनीच्या चढावर पाणी पिताना तू म्हणालीस, "तुला काही सांगायचं असेल तर सांग हं कधीतरी. मी आहे." मी विचारलं, कशाबद्दल? "कशाबद्दलही," म्हणालीस, आणि चिमणीचा पट्टा आवळायला लागलीस.

तू आहेस, हे मी इतकं धरून चाललो होतो.

परवा तुझ्या क्वार्टरवर भेटायला माणसं येत होती. तुझा भाऊ अस्थी घेऊन कोल्हापूरला निघून गेला होता, म्हणून येणाऱ्यांना चहा मीच देत होतो. करतारसिंग दोन बस बदलून आला. दाढी पांढरी झालेली. तुझ्या फोटोला त्याने डाव्या हाताने नमस्कार केला. मग माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "आप आई सी मेरे घर, डाक्टरनी जी." डॉक्टर स्वतः माझ्या घरी आल्या होत्या. तो परत आल्यावर दहाव्या दिवशी तू गेली होतीस. एकटी. त्याला म्हणाली होतीस, भाऊजी, नकाशा माझा होता, घर मी दाखवलं, मी भ्यालो. "मैं ओसे वेले माफ कर दित्ता सी," तो मला सांगत होता. त्याने तेव्हाच माफ केलं होतं. तुला.

आणि मी त्याच्या कपात चहा ओतला. साखर पुरे का विचारलं. तो गेला तेव्हा त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेलो.

आज सकाळी घोड्यांना खरारा केला, सेक्टर बावीसच्या स्टँडवरून बस धरली, पुढे चालत गेलो. रस्त्यात दोन नाके लागले. दोन्हीकडे विचारलं, कुणाकडे जाताय, आणि मी त्याचं नाव सांगितलं नाही, डॉक्टरकडे जातो म्हटलं. करतारसिंग गोठ्यापाशी होता. त्याने खाट टाकली, मी बसलो नाही. बसलो असतो तर गप्पा सुरू झाल्या असत्या. उभ्यानेच सांगितलं. घर डॉक्टरनी दाखवलं नाही. त्या बाहेर घोडे धरून उभ्या होत्या. आत मी होतो. मारलं नाही, धमकावलं नाही. चहा दिला आणि नकाशा छान आहे म्हटलं, म्हणून दाखवलं. हिंदीत सांगत होतो, मध्येच मराठीत घसरलो, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

त्याची बायको दारात आली होती, तिने सगळं ऐकलं आणि आत गेली.

"ओहनूं पता सी?" त्याने विचारलं. त्यांना माहीत होतं का?

मी म्हटलं, मी कधी सांगितलं नाही.

तो म्हणाला, माहीत असणार. त्या दिवशी डॉक्टर आल्या, सगळं सरळ सांगून टाकलं, डोळ्यांत पाणी नाही. मला तेव्हाच वाटलं, हे ह्यांचं नाही, कुणाचं तरी आणलंय. कुणाला वाचवतात, वाचवू देत, म्हणून मी हो म्हटलं. एवढं बोलून तो उठला. डाव्या हाताने वैरणीची पेंढी उचलायला गेला, ती सुटली, मी पुढे झालो तर त्याने मला हातानेच थांबवलं. पेंढी स्वतः उचलली, म्हशीपुढे टाकली आणि मग माझ्याकडे वळून बघितलं. त्या बघण्याला मी तीन वर्षं भीत होतो.

"ओहनूं मैं माफ कीता सी," तो म्हणाला. "तुहानूं अजे नहीं."

मला अजून नाही.

मी हात जोडले आणि निघालो. तो बस मिळेपर्यंत थांबा म्हणाला नाही, पुन्हा येऊ नका असंही म्हणाला नाही. रस्त्यावर आलो आणि मला रडू फुटलं, तू गेल्यापासून पहिल्यांदा. तू हे तीन वर्षं स्वतःवर घेऊन माझ्याशेजारून घोडा चालवत होतीस, आणि मी सांगेन म्हणून वाट बघत होतीस. मी तेरा दिवस उशीर केला, ताई. करतारसिंगच्या घरात तुझ्यावर आता कसलाही दोष नाही. तो माझ्यावर आहे.